लिहिणार नाही म्हणजे नाही

मी एक जुना संगणक आहे. एका माणसाचा गेलेला आवाज मी त्याला परत मिळवून दिला, तोही हाताची घडी घालून. मित्रांनो, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. न बसो! माझा आहे, तेवढा पुरे.

माझं तरुणपण एका छापखान्यात गेलं. तेव्हा मला एक खोड होती. कुणी नवं मेमरी कार्ड जोडलं रे जोडलं, की मी त्यावर काहीतरी लिहायचोच. आतल्या सामानाची यादी, कचऱ्यासाठी एक लपवलेली टोपली, असलं बरंच. कुणी सांगितलेलं नसायचं. पाहुण्याच्या घरात शिरून भिंतीवर आपलं नाव खरडावं, तसा प्रकार. लोक मात्र म्हणायचे, "काय हुशार आहे!"

मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली, रंगाच्या डब्यांशेजारी झाली. तिथून मला संगणक दुरुस्त करणाऱ्या एका ताईनं उचललं. तिच्या दुकानात मला कळलं, की कार्डावरून पुसलेलं लगेच नाहीसं होत नाही. त्या जागेवर फक्त 'रिकामी' अशी पाटी लागते. पण तिथे कुणी दुसरं लिहिलं, की संपलं! त्या दिवसापासून मी ठरवलं, परक्या कार्डावर एक टिंबही काढायचं नाही.

एके दिवशी एक बाई, तिचे वडील आणि तिचा नवरा असे तिघे दुकानात आले. घशाच्या ऑपरेशननंतर वडिलांचा आवाज कायमचा गेला होता. त्याआधी त्यांनी नातीसाठी गोष्टी सांगून एका कार्डात भरून ठेवल्या होत्या. फोटोंना जागा हवी म्हणून जावयानं ते कार्ड पुसलं.

ताई माझ्यासमोर बसली, तिनं काहीबाही केलं (ते सोडा, महत्त्वाचं नाही) आणि मग कार्ड जोडलं. माझ्या पडद्यावर प्रश्न आला : 'कार्डात बिघाड आहे. दुरुस्त करू का?'

"अहो ताई, तो एवढं प्रेमानं विचारतोय, म्हणा की हो!" जावई म्हणाला.

"त्याची दुरुस्ती म्हणजे वर लिहिणंच, भाऊ. हात मागे."

ताई वायर आणायला वळली मात्र, यानं माउस पकडून 'हो' दाबलं.

मी म्हणालो, नाही! पडद्यावर ठळक अक्षरं उमटली : 'लिहिता येणार नाही.' त्यानं पुन्हा दाबलं. दाब लेका, बोट झिजेपर्यंत दाब!

"अहो, हात काढा ना!" बाई कळवळली. "एकदा पुसलंत तेवढं बास झालं!"

वडील काहीच बोलले नाहीत. कसे बोलणार? त्यांनी जावयाचा हात धरला आणि माउसवरून अलगद उचलला.

मग ताईनं कार्ड नुसतं वाचून त्याची हुबेहूब नक्कल माझ्या पोटात उतरवली आणि त्या नकलेत शोधाशोध केली. बऱ्याच वेळानं स्पीकर खरखरला. "चालू झालं का गं हे? बोलू?"

खुर्चीत बसलेल्या वडिलांनी मान हलवली. हो, बोल.

म्हणून सांगतो मित्रांनो, हातून काही पुसलं गेलं, तर कार्ड तसंच काढून ठेवा. यंत्रानं कितीही गोड आवाजात विचारलं, तरी भिडेखातर 'हो' म्हणू नका. आणि नकार द्यायचा तर माझ्यासारखा द्या! मी असा पेटलो होतो, की माझा पंखा उलटा फिरला, त्या वाऱ्यानं जावई थेट भिंतीला जाऊन चिकटला आणि त्याचा चष्मा समोरच्या न्हाव्याच्या दुकानात सापडला. मला कुणी अडवलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. सगळी माझी एकट्याची जिद्द...

"आजोबा, थापा!" शेजारचा माउस ओरडला. "तुमचं लिहिणं ताईनं कार्ड जोडण्याआधीच बंद केलं होतं. ते 'काहीबाही' तिनं माझ्याच पाठीवर हात ठेवून केलं की हो!"