पिवळा डगला आणि सात रोपं

मी एक जुना डगला आहे. पिवळा. मित्रांनो, रंग आधीच सांगून टाकतो, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे.

शिंप्यानं मला शिवलं ते ताईंच्या वडिलांसाठी. ते रस्ते दुरुस्त करायचे. गाडीवाल्यांना दुरून दिसावेत म्हणून पिवळा. पुढं पंधरा वर्षं मी... नको, ते राहू द्या. मला धीर धरवत नाही.

वडील गेले. ताई मला घालू लागल्या. कापसाच्या रोगांचा अभ्यास हे त्यांचं काम. किडे आत शिरू नयेत म्हणून बारीक जाळी लावलेल्या जाळीघरात त्यांनी एका जुन्या वाणाची सात रोपं जपली होती. डब्यातलं बाकीचं बी उगवलंच नाही. बोंडं धरली तर वाण वाचणार, नाही तर संपला.

बाहेरच्या शेतात रोग होता. पांढरी माशी रोगट पानाचा रस पिते आणि विषाणू घेऊन पुढच्या पानावर बसते. मग पान वाटीसारखं वळतं, झाड खुरटतं.

ताई रोज ते शेत पाहून आत यायच्या. हात धुवायच्या, चपला बदलायच्या. तरी एका सकाळी एका रोपाचं पान वळलं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याचं!

"काका, दार उघडं ठेवलंत?" ताईंनी माळीकाकांना विचारलं.

"माझ्यावर कशाला घसरता? पिवळं दिसलं की माशी झेपावते, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग?"

"मग अंगात काय घातलंय?"

ताईंनी माझी बाही उलटली. घडीत चार माश्या. पिठाच्या कणाएवढ्या. रोज त्यांना आत नेणारा मीच! वडिलांची आठवण म्हणून ताई मला जपत होत्या, आणि मी... कापडाला तोंड लपवता येत नाही, मित्रांनो.

बघता बघता सहा रोपांना रोग लागला, ती उपटून जाळली. सातवं लांबच्या कोपऱ्यात होतं, ते राहिलं.

मला नाही जाळलं. बाह्या ताणून बाहेरच्या दारावर खिळे ठोकले, वर सापळ्याचा गोंद फासला.

"साहेबांची बदली झाली," काका माझ्याकडे बघून म्हणाले. "आता दारावर पहारा." ताई हसल्या नाहीत.

तेव्हापासून शेकडो माश्या माझ्यावर चिकटल्या. खाज सुटते, हलता येत नाही. आत काय चाललंय तेही दिसत नाही. वारा आला की खिळे करकरतात आणि मी विचारत राहतो, सातवं? सातवं?

आज आतून काका ओरडले, "ताई, बोंड उकललं!"

ताई धावत आल्या. माझ्यापाशी थबकल्या. स्वतःच्या बाह्या उलटून झटकल्या, मगच आत गेल्या.

मित्रांनो, जिवापाड जपलेल्या गोष्टीकडे जायची कितीही घाई असो, एवढं कराच. आधी बाह्या झटका.