उम्म नायफच्या खोलीची खिडकी

सातव्यांदा काढलेला नकाशा हियामने टेबलावर पसरला. उम्म नायफने चष्मा लावला, कागदावर अंगठा ठेवला आणि खिडकी पुन्हा एकदा उजवीकडे सरकवली.

"इथे," ती म्हणाली.

"काकू, मागच्या वेळेला पण तुम्ही इथेच म्हणालात. मी किती समजावलं तुम्हाला. खिडकी भिंतीच्या मध्यावर हवी. इतकी कोपऱ्यात गेली की बाहेरून वाकडी दिसेल."

"बाहेरून कोण बघतंय? मी आत राहणार आहे."

"सगळं गाव बघतं," पलीकडच्या खुर्चीतून तिचे यजमान अबू नायफ म्हणाले. "समोरच्या डोंगरावरून आपलं घर पहिलं दिसतं. माझ्या आजोबांनी नाब्लूसहून गवंडी आणून बांधलंय ते."

"तुमच्या आजोबांना माझे गुडघे नव्हते," उम्म नायफ म्हणाली आणि मेरमियाची सुगंधी पानं घातलेला चहा ओतायला लागली.

प्रकरण गुडघ्यांवरूनच सुरू झालं होतं. त्या हिवाळ्यात उम्म नायफ आतल्या जिन्यावरून पडली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरने सांगितलं की आता वर-खाली बंद. जॉर्डनमधल्या या सॉल्ट गावातली घरं डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांनी चिकटलेली. खाली कोठारं, वर राहायच्या खोल्या, आणि दोहोंच्या मध्ये उंच दगडी जिना. तेव्हा खालच्या अंगणात, जिथे पूर्वी भट्टी होती त्या रिकाम्या जागेवर, एक खोली, न्हाणीघर आणि चहापुरती शेगडी असं काहीतरी बांधायचं ठरलं. हियाम गावातलीच, अम्मानला शिकून परत आलेली, जुन्या घरांची कामं करणारी. अबू नायफ हायस्कूलात भूगोल शिकवायचे तेव्हा ती त्यांच्या वर्गात होती. काम तिच्याकडे आलं. तिला वाटलं होतं, दोन महिन्यांत उरकेल.

पहिला नकाशा तिने अबू नायफना आवडेल असा काढला. तोच पिवळा दगड, तशाच कमानी, वरच्या तीन खिडक्यांची हुबेहूब धाकटी भावंडं. अबू नायफ खूश झाले. जुनी घरं सांभाळणाऱ्या समितीचे बुरहान मात्र झाले नाहीत. ते सावकाश बोलणारे, सरळ गृहस्थ. म्हणाले, "हियामबाई, हे छान आहे, पण हे खोटं बोलतंय. उद्या कोणी बघेल तर म्हणेल, हेही शंभर वर्षांचं. नवं आहे ते नवं दिसू दे."

मग तिने नवं दिसेल असं काढलं. काच, लोखंड, सपाट छप्पर. बुरहान म्हणाले, "आता इतकं नवं झालं की जुनं बिचारं त्याच्याशेजारी पाहुणं वाटतंय." अबू नायफनी कागद घडी करून परत दिला, आणि हियामला पुन्हा नववीत बसल्यासारखं वाटलं.

या ओढाताणीत ती होतीच, त्यात ही खिडकी. उम्म नायफला बाकी कशाचं काही नव्हतं. दगड कुठला, कमान हवी की नको, छप्पर कसं, सगळ्याला "तुम्ही बघा" म्हणायची. फक्त खिडकी कोपऱ्यात हवी, जुन्या भिंतीपासून जेमतेम हातभर अंतरावर.

हियामने एकदा तिला एकटीला गाठून विचारलं, "पण का काकू?"

"समोर अल-कला टेकडीच्या उतारावर माझी बहीण राहते ना, नुहा. तिचा सज्जा त्याच कोपऱ्यातून दिसतो. ती उठली की नाही कळतं."

हियामला पटलं. घरी जाऊन तिने नुहाच्या सज्ज्याकडे नजर जाईल अशी, पण जरा मध्यावरची खिडकी बसवून बघितली. दुसऱ्या दिवशी अबू नायफ म्हणाले, "नुहा? छे! दोघींचं चार वर्षं बोलणं नाही. ही मला म्हणाली की उन्हाळ्यात तिथून वारा येतो."

आणि गवंडी शहादे, ज्याला सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणत, त्याला उम्म नायफने तिसरंच सांगितलं होतं. बाहेरच्या पायऱ्यांच्या वळणावरून कोण वर येतंय ते दार वाजायच्या आधी कळलं पाहिजे, म्हणून.

"तिन्हींतलं खरं कुठलं?" हियामने त्याला विचारलं.

"मला काय माहीत? मी दगड घडवतो, बायकांची मनं नाही," शहादे म्हणाला. "चाळीस वर्षं माझं लग्न झालंय, तिथे पण मला माहीत नाही."

हियामला रात्री झोप लागेना असं काही झालं नाही, पण दिवसा तिचं चित्त ठिकाणावर राहीना. दुसऱ्यांची कामं करताना हात थांबायचा. जुन्या घराचा स्वभाव ओळखून त्याला जोड द्यायची, हे वाक्य ती स्वतः लोकांना ऐकवायची. आता तिला वाटायला लागलं की स्वभाव म्हणजे नेमकं काय, ते आपल्याला कोणी शिकवलंच नाही. दगड? कमानी? की आत राहणाऱ्यांची खोड?

शेवटी एका सकाळी टेप, ओळंबा, लांब शिडी आणि सोबत शहादेला घेऊन ती अबू नायफच्या घराची दर्शनी भिंत मोजायला गेली. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायचं. पण ते घर तिने लहानपणापासून इतक्यांदा पाहिलं होतं, शाळेच्या चित्रकलेच्या वहीत काढलं होतं, की मोजायची गरज तिला वाटली नव्हती. तीन सारख्या कमानी. त्यात काय मोजायचं?

डावी कमान एकशे अठरा सेंटिमीटर भरली. मधली एकशे चार. उजवी एकशे बारा. तिने पुन्हा मोजलं. मधली मध्यावरही नव्हती, वीतभर डावीकडे होती. भिंतही सरळ नव्हती. खालचा खडक जिथे पुढे आला होता तिथे भिंतीने पोट काढलं होतं. ओळंबा लोंबत राहिला आणि भिंत त्याच्यापासून दूर दूर गेली.

अबू नायफ खाली उभे होते. तिने आकडे सांगितले.

"तुझी टेप खोटी आहे," ते म्हणाले.

"सर, तीनदा मोजलं."

"वर ये म्हटलं तर चढशील, खाली ये म्हटलं तर उतरशील, पण आकडा नीट वाचशील असं नाही. नववीत पण तू नकाशाचं प्रमाण चुकवायचीस." असं म्हणून त्र्याहत्तर वर्षांचे अबू नायफ स्वतः शिडीवर चढायला निघाले. शहादेने त्यांना कमरेला धरून ठेवलं. मग ते वरच्या खोलीत गेले आणि आतून मोजलं. बराच वेळ खाली आले नाहीत. आले तेव्हा हातातला कागद त्यांनी हियामला दाखवला नाही. "बाहेरून सारख्या दिसतात," एवढंच म्हणाले, आणि आत निघून गेले. हियामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर ज्या गोष्टीचा माणसाने अभिमान धरला, ती तिने टेपने मोजून टाकली होती.

"अशी कशी बांधली असेल?" तिने शहादेला विचारलं. "नाब्लूसचे एवढे नावाजलेले गवंडी."

शहादेने पाठ खाजवली. "चूक नाहीये ती. चुकलेला दगड वेगळा कळतो. हे कोणीतरी मागून घेतलंय. बांधताना कोणीतरी बाई मागे उभी राहिली असेल आणि म्हणाली असेल, अरे, जरा इकडे घे. गवंड्याने घेतलं असेल. मी पण घेतो. पैसे देणारा बाहेर उभा असतो, त्याला काय कळतंय."

"म्हणजे या घराचा स्वभावच तो?"

"तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

त्या दुपारी तिने आठवा नकाशा काढला, आणि तो काढताना ती पहिल्यांदाच कोणाची मर्जी राखत नव्हती. दगड तोच पिवळा, त्याच खाणीतला, टाकीने हाताने घडवलेला. कमान नाही, वर सरळ आडवा दगड. खोली जुन्या खिडक्यांच्या खाली, नम्रपणे बसलेली. जुन्या आणि नव्या भिंतीच्या मध्ये दोन बोटांची खाच, म्हणजे कोण कुठे संपतो ते जवळून बघणाऱ्याला कळावं. आणि खिडकी कोपऱ्यात, जिथे उम्म नायफचा अंगठा होता तिथे.

बुरहाननी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. "खिडकी अशी का?"

"त्याची तीन कारणं आहेत," हियाम म्हणाली, "आणि मला एकाचीही खात्री नाही."

बुरहान हसले. त्यांनी एकच अट घातली. जुनी मीटरभर जाडीची भिंत फोडायची नाही, नव्या खोलीचं दार बाहेरच्या सार्वजनिक पायऱ्यांवर उघडायचं. हियामने मान डोलावली. दार कुठे उघडतं याचा तिने त्या वेळी फारसा विचार केला नाही. इतके महिने खिडकीने डोकं खाल्लं होतं.

बांधकाम वसंतात सुरू झालं. उम्म नायफ रोज शहादेचा हात धरून खाली यायची आणि जिथे खोली होणार तिथे, रिकाम्या जोत्यावर, खुर्ची टाकून बसायची. खिडकीच्या खालच्या दगडापर्यंत भिंत आली तेव्हा तिने कोपर टेकवून पाहिलं. "एक थर उंच झाला, मुअल्लिम."

"काकू, बसलेला दगड आहे तो."

"मग उठव त्याला. मी पण बसलेलीच आहे, मला उठवतोस ना रोज?"

शहादेने शिव्या पुटपुटत थर काढला. हियामच्या कागदावरची उंची वाया गेली. तिने कागद दुरुस्त केला. का कोण जाणे, तिला राग आला नाही.

अबू नायफ मात्र त्या सगळ्या दिवसांत कामावर फिरकले नाहीत. वरच्या मधल्या कमानीत उभे राहायचे, आणि हियामने वर पाहिलं की मागे सरायचे.

खोली जूनमध्ये पुरी झाली. समोरच्या डोंगरावरून हियामने पाहिली, तर पहिल्यांदा तिला सापडलीच नाही, आणि सापडल्यावर डोळ्याला टोचली नाही. एवढं समाधान ती घेणार, तोवर शहादेकडून तिला बातमी कळली. उम्म नायफ खाली राहायला गेली, आणि अबू नायफ वरच राहिले. बापाची खोली सोडणार नाही म्हणाले. एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा नवरा-बायको वेगवेगळ्या मजल्यावर झोपत होते. आणि मध्ये दार नसल्यामुळे एकमेकांकडे जायचं तर घरातून बाहेर पडून, सार्वजनिक पायऱ्यांवरून, चारचौघांसमोरून जावं लागत होतं.

म्हातारपणी एक संसार आपण नकाशावर रेघ मारून दोन केला की काय? बुरहानची अट हियामने एका शब्दात मान्य केली होती. भांडायला हवं होतं. निदान विचारायला हवं होतं. आठवडाभर तिला त्या गल्लीत जायचं धाडस झालं नाही.

शेवटी एका सकाळी ती गेली. पायऱ्यांच्या वळणावर आली आणि थबकली. नव्या दारासमोर अबू नायफ उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा कोट, हातात बेकरीतून आणलेल्या कअकची, गरम कडक पावांची, पिशवी. त्यांनी बोटाच्या पेरांनी दार वाजवलं.

"कोण?" आतून आवाज.

"मी."

"मी कोण? या गल्लीत मी पुष्कळ आहेत."

"अगं, मी. अबू नायफ."

"एकटे आहात?"

अबू नायफनी वळून पाहिलं आणि त्यांना हियाम दिसली. म्हाताऱ्याचे कान लाल झाले. "बघ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "बघ तुझ्या नकाशाने काय दिवस दाखवले. एक्कावन्न वर्षं संसार केला, आणि आता दार ठोठावून, नाव सांगून आत जावं लागतं."

"सर, चूक माझी आहे," हियाम घाईने म्हणाली. "मी समितीकडे पुन्हा जाते. मधली भिंत फोडायची परवानगी मागते. छोटंसं दार..."

"नको, नको," अबू नायफ चटकन म्हणाले. त्यांनी कोट सारखा केला. "म्हणजे, बुरहानला कशाला त्रास. भिंत जुनी आहे."

"कअक तिळाचे आहेत का?" आतून आवाज आला.

"तिळाचे."

"मग या. आणि त्या पोरीला पण आत घ्या. केव्हाची वळणावर उभी आहे, मी खिडकीतून बघितलंय."

तिघं बसली. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून हियाम पलंगाच्या कडेवर टेकली. अबू नायफ पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसले होते. उम्म नायफ त्यांना "घ्या ना, संकोच करू नका" म्हणत होती, आणि ते "नको, घरी खाऊन आलोय" म्हणत होते, आणि दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. हियाम कधी हिच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती. ही थट्टा आहे, की भांडण आहे, की आणखी काही, तिला काही केल्या उमजेना.

अबू नायफ हात धुवायला उठले तेव्हा ती हळूच वाकली. "काकू, खरं सांगा. तुम्हाला हेच हवं होतं का?"

"काय हेच?"

"हे. असं. वेगळं दार, वेगळी खोली, हे सगळं."

उम्म नायफने तिच्याकडे, नकाशा पाहायची तसं, चष्म्याच्या वरून पाहिलं.

"मला जिना चढवत नव्हता म्हणून खोली बांधली, बाई," ती म्हणाली. "त्यात हवं-नको काय असायचंय? साखर किती घालू?"