मे महिन्यातली लोकर

इओलांदाने नातीसाठी, तेआसाठी, लोकरीचा स्वेटर विणायला घेतला तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि खाली किनाऱ्यावर जर्मन पाहुणे उघड्या अंगाने भाजून घेत पडले होते. नीवेसला संशय आला. पण या घरात सुनेला संशय येणं आणि शिंक येणं सारखंच. दोन्हींकडे कुणी बघत नसे.

"दीड वर्षाच्या पोरीला या उकाड्यात लोकर? घामोळं येईल तिला."

"समुद्राचं वारं असतं," सासू म्हणाली. सुया थांबल्या नाहीत. "शिवाय चांगली खरखरीत, लव असलेली लोकर घेतलीय. सगळं कसं धरून ठेवेल."

काय धरून ठेवेल, ते रात्री जेवताना कळलं.

नीवेसचा सासरा सेकोन्दो अल्लावेना याचा जन्म नवी फुलं घडवण्यात गेला होता. रॅननक्युलसच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे, वर पिशवी, खाली चिठ्ठी. पाकळ्यांवर पाकळ्या चढलेले त्याचे गुलाबी गेंद पॅरिसच्या लग्नांत मिरवतात. अ‍ॅनिमोनी या दुसऱ्या फुलजातीने मात्र त्याला कधी दाद दिली नाही. ती प्रसन्न होती वरच्या बांधावरच्या द्रियाला, ज्याला सगळी दरी बार्बा म्हणते, काका म्हणावं तसं. त्या हिवाळ्यात बार्बा द्रियाकडे जर्दाळूच्या रंगाची अ‍ॅनिमोनी फुलली आणि सेकोन्दोची झोप उडाली.

मे महिन्यात झाडं बी धरतात, तेव्हा एकमेकांच्या पॉलीहाऊसमध्ये जाऊन पेलाभर वाइन घ्यायची इथली रीत. न जाणं म्हणजे अपमान. पण अ‍ॅनिमोनीचं बी कापसासारखं, लोकर दिसली की चिकटलंच. म्हणून दारातच प्रत्येकाचा कोट उतरवून घेतात आणि परत निघताना यजमान हसत हसत पाहुण्यांच्या विजारी ब्रशने झटकतो. लहान पोरांना तेवढं झटकत नाहीत. या दरीत सभ्यपणा म्हणून जो काही उरलाय तो एवढाच.

"द्रियाकडे तेआला नुसतं खाली सोडायचं," सेकोन्दो म्हणाला. "लेकरू आहे. लोळेल."

"आणि तोंडात घातलं तर? पापा, त्या झाडाच्या चिकाने माझ्या हाताला फोड आले होते."

"माझं आयुष्य गेलं त्या चिकात."

"दिसतंय ना. बोटांना कातडी उरलीय का तुमच्या?"

नवरा फुल्वियो ताटलीतल्या सशाच्या रश्श्यात काहीतरी शोधत होता. बहुधा पाठीचा कणा. "एका रविवारचा तर प्रश्न आहे, नीवेस," तो रश्श्याला म्हणाला.

आपण नाही म्हटलं तर सासू पोरीला स्वतःच उचलून नेईल, हे नीवेसला पक्कं ठाऊक होतं. आई जवळ नसलेलं मूल काय काय गिळू शकतं याचा तिचा अभ्यास कॉलेजातल्या अभ्यासापेक्षा सखोल होता.

"मीच नेते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका, पापा. तुम्हाला बघितलं की ते पोरीचेसुद्धा खिसे तपासतील."

सेकोन्दोला हे इतकं पटलं की त्याने तिचा पेला स्वतः भरला.

रविवारी वाटेत हौदामागे ती थांबली. तिथे सेकोन्दोने नाकारलेल्या अ‍ॅनिमोनी आपापल्या मर्जीने वाढून बी धरून बसल्या होत्या. तिने तेआचा स्वेटर उतरवला, पोरीला लांब बाबागाडीतच ठेवलं, हातमोजे घातले आणि भांडी घासावीत तसा स्वेटर त्या बोंडांवर घासला. मग पिशवीत भरला. वर बार्बा द्रियाच्या अंगणात सुती फ्रॉकमधली तेआ पट्ट्यात बांधलेलीच राहिली आणि बिस्किट खात राहिली.

"शांत आहे पोरगी," बार्बा द्रिया म्हणाला. "आजोबावर गेली नाही, देवाची कृपा."

घरी तो स्वेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला गेला. चिमटे आले, भिंग आलं, दारं लागली. कुणाचं ऑपरेशन असावं तसे सगळे कुजबुजत होते. लव सुटावी म्हणून बी कोरड्या वाळूत चोळलं, पेरलं, आणि उन्हाळाभर सेकोन्दो त्या वाफ्याला पोटच्या पोरापेक्षा जपत राहिला. फुल्वियोला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याला सवय होती.

नाताळाच्या सुमारास फूल आलं. मळकट जांभळं, मध्ये फिकं कडं, देठ वाकडा. नीवेसने ते ताबडतोब ओळखलं. याच फुलाला सेकोन्दो 'धुण्याचं पाणी' म्हणायचा आणि उपटून हौदामागे फेकायचा.

"बघा!" सेकोन्दोचा आवाज भरून आला. "हात आहे त्या हरामखोराला! जर्दाळू नाही उतरला, पण रक्त त्याच झाडाचं. हा रंग माझ्या बापजन्मात जमला नसता मला. आणि मान कशी लववलीय, नवरीसारखी!"

"देठ कमजोर आहे, पापा."

"नम्र आहे! तुला नाही कळायचं." त्याने तेआच्या डोक्यावर हात ठेवला. "येत्या मेमध्ये ही सुसाट धावत असेल. ओळीओळीतून धावेल. दरवर्षी पाठवू हिला. इओलांदा, मोठा स्वेटर घे विणायला."

"पापा, हे फूल तुमचंच आहे. हौदामागचं. मी तेआला तिकडे खाली सोडलंच नव्हतं," नीवेस म्हणाली.

सेकोन्दो पोट धरून हसला. "ऐका! मला माझं फूल ओळखता येत नाही म्हणते!"

सासूही हसली. फुल्वियो जरा वेळाने हसला, सगळे हसताहेत याची खात्री झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी नीवेस वरच्या बांधावर गेली. "बार्बा द्रिया, आमच्या पापांकडे नवीन अ‍ॅनिमोनी आलीय. बघायला या ना."

तो लगोलग आला. सवयीने दारात कोट काढला. त्याला बघताच सेकोन्दो हात पसरून फुलासमोर उभा राहिला, चेहरा पिठासारखा पांढरा. बार्बा द्रियाने आधी तो चेहरा न्याहाळला, मग त्याच्या काखेखालून फूल.

"हे माझं आहे."

"कशावरून?"

"तुझ्या थोबाडावरून! आणि हा रंग? हे कडं? दुसऱ्या कुणाच्या हातून उतरेल का? चोरा!"

"सिद्ध कर!"

खरं काय ते सांगावं, असं नीवेसला क्षणभर वाटलं. पण खरं तिने कालच वाढलं होतं आणि कुणी घास घेतला नव्हता.

"आजपासून तुझ्या घरातलं कुणी माझ्या फाटकातून आत यायचं नाही!" बार्बा द्रिया ओरडला. "ती पोरगीसुद्धा नाही! आधी ती पोरगी नाही!"

"कधीच नाही?" नीवेसने विचारलं.

"मी जिवंत असेपर्यंत नाही!"

"तब्येतीला जपा हं," ती मनापासून म्हणाली.

तो कोट विसरून तरातरा निघून गेला. सेकोन्दो हातांनी तोंड पुसत वळला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता, आणि डोळ्यांत विजय.

"ऐकलंस ना? स्वतःच्या तोंडाने म्हणाला, माझं आहे! आणि तू म्हणत होतीस, हौदामागचं."

"चुकलं माझं, पापा," नीवेस म्हणाली, आणि तेआला कडेवर घेऊन घरात गेली.