चार ग्रॅम कलेजी

दर रविवारी सकाळी हिस्के ओट्यावर वजनाचा काटा मांडायची आणि वडिलांच्या मांजरीचं आठवडाभराचं जेवण करायची. कोंबडीच्या मांडीचं मांस, हाडं काढून शिजवलेलं. एक अंडं. कलेजी अठ्ठावीस ग्रॅम, म्हणजे दिवसाला चार. सगळं यंत्रातून काढून निवलं की त्यात कॅल्शियमची भुकटी, टॉरिनची भुकटी, जीवनसत्त्वांची पूड आणि माशाच्या तेलाचे मोजून थेंब. मग सात डबे, आणि सातही फ्रीजरमध्ये.

मांजरीचं नाव मुस. डच भाषेत मुस म्हणजे चिमणी; पिल्लू असताना ती तेवढीच होती. तिला बाजारातलं डबाबंद खाणं सोसत नव्हतं. खाल्लं की ओकायची, आणि कान खाजवून खाजवून रक्त काढायची. शेवटी जनावरांच्या डॉक्टर इनेकेबाईंनी एका आहारतज्ज्ञाकडून या जेवणाच्या मोजमापाचा कागद मागवून दिला होता आणि बजावलं होतं, "हे घरचं जेवण आहे, पण मनाचं नाही. यातलं काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही. टॉरिन विसरलीस तर हिचे डोळे जातील, हृदय फुगेल. कॅल्शियम विसरलीस तर हाडं जातील."

हिस्केनं दीड वर्षात काही विसरलं नव्हतं. ती श्रवणयंत्रं दुरुस्त करायची. बारीक कामाची तिला सवय होती. ती फ्रानेकरला राहायची, वडील हार्लिंगेनला बंदराजवळच्या जुन्या घरात. मध्ये आगगाडीचं एक स्टेशन. बुधवारी आणि रविवारी ती डबे घेऊन जायची, रिकामे डबे परत आणायची. डबे नेहमी स्वच्छ धुतलेले असायचे. वडिलांचं नाव दाउवे. पस्तीस वर्षं ते बोटींवर स्वयंपाकी होते आणि खरकटं भांडं त्यांना सहन होत नसे.

आई गेल्यापासून त्या घरात ते आणि मुस एवढेच होते. ते विसरायला लागले होते. कॉफी केलेली विसरत, वार विसरत, बायको गेली हे मात्र विसरत नसत. सकाळी एक परिचारिका येऊन गोळ्या देऊन जायची.

जानेवारीत हिस्केच्या लक्षात आलं की मुस अंग चाटत नाहीये. पाठीवरच्या केसांच्या गाठी झाल्या होत्या. हाक मारली तर मान न वळवता सगळं अंग वळवून बघायची, खांद्यावर ओझं घेतलेल्या बाईसारखी. उचलायला गेलं की कण्हायची.

इनेकेबाईंनी एक्स-रे काढला आणि बराच वेळ तो बघत बसल्या.

"तू हिला कलेजी किती देतेस?"

"चार ग्रॅम. मोजून."

"हिस्के, खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"मानेचे मणके एकमेकांना चिकटलेत. हे बघ, इथे पांढरं दिसतंय ना, ते वाढलेलं हाड आहे. जी मांजरं रोज वाटीभर कलेजीवर जगतात त्यांना हे होतं. कलेजीतलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं, ते बाहेर टाकता येत नाही. चार ग्रॅमनं असं होत नाही."

हिस्के घरी आली आणि आधी तिनं काट्यावर संशय घेतला. काट्यावर नाणी ठेवून बघितली, शेजारणीचा काटा आणून ताडून बघितला. काटा बरोबर होता. मग पुडीवर संशय घेतला. तीत जीवनसत्त्व जास्त असेल, चमचा चुकीचा असेल, कागद वाचण्यात आपलीच चूक झाली असेल. आहारतज्ज्ञाला तिनं तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी तो शांतपणे म्हणाला, "बाई, तुमच्या जेवणात काही खोट नाही. ते मांजर दुसरं काहीतरी खातंय."

त्या बुधवारी ती बंदरावरच्या खाटकाच्या दुकानात शिरली. खाटकाचं नाव ग्यार्लोफ. वडिलांचा जुना ओळखीचा.

"माझे बाबा येतात का इकडे?"

"दाउवे? रोज. आता तासाभरापूर्वीच गेला. पाव किलो वासराची कलेजी, पातळ काप करून. सुरीला धार नाही म्हणून मला शिव्याही देऊन गेला."

"रोज पाव किलो?"

"एखाद्या दिवशी दोनदा येतो. मी म्हणतो, अरे, सकाळी नेलीस की. तर म्हणतो, तू विकायला बसलायस की माझ्यावर पहारा ठेवायला." ग्यार्लोफनं हात पुसले. "मला वाटलं, तोच खातो. रक्त कमी असेल म्हाताऱ्याचं."

हिस्के वडिलांच्या घरी गेली तेव्हा स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता. वडील एप्रन बांधून शेगडीशी उभे होते. तव्यावर लोणी होतं, कांदा होता, आणि त्यात तिनं रविवारी भरलेल्या डब्यातलं मांस परतलं जात होतं. खाली मुस बशीतली कलेजी खात होती. मान खाली जात नव्हती म्हणून पुढचे पाय फाकवून, वाकड्या तोंडानं.

"बाबा, हे काय करताय?"

"जेवण. तू आणलेलं." त्यांनी उलथनं आपटलं. "आता बोललीस म्हणून सांगतो, पोरी. राग मानू नकोस. तुझ्या हाताला चव नाही. मीठ नाही, मिरी नाही, आणि ते खिम्यासारखं बारीक कशाला करतेस? दात आहेत मला अजून. पण तू एवढी कामाधामातून वेळ काढून करतेस, टाकून कसं द्यायचं? म्हणून जरा कांद्यावर परततो. मग जातं घशाखाली."

हिस्के खुर्चीवर बसली. "बाबा, ते मुसचं आहे."

"मुसचं?"

"दीड वर्षं मी मुससाठी करतेय. तुमच्यासाठी नाही."

त्यांनी तव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. थोडं हसले आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. "तरीच," ते म्हणाले. "मी म्हणायचो, पोरगी माझ्यासाठी एवढं आणते आणि मांजराला मात्र कधी काही आणत नाही. बिचारीनं खायचं काय? म्हणून तिला कलेजी आणायचो."

त्यांनी गॅस बंद केला. दीड वर्षं वडील तिच्या हातचं बेचव जेवण तक्रार न करता जेवत होते, आणि तिनं त्यांच्यासाठी एकदाही काही करून आणलं नव्हतं. हे तिच्या आगगाडीत, घरी परतताना लक्षात आलं. खिडकीकडे तोंड करून ती रडली.

त्यानंतर तिनं सुचेल ते सगळं केलं. डब्यांवर लाल अक्षरांत मुसचं नाव लिहिलं. वडिलांसाठी वेगळे डबे आणले, वाटाण्याचं घट्ट सूप, बटाट्यात कोबी कुस्करून, वर सॉसेज. फ्रीजच्या दारावर कागद चिकटवला: कलेजी द्यायची नाही, मुसची मान दुखते. वडिलांनी तो कागद मोठ्यानं वाचला, मान डोलावली, म्हणाले, "बरं झालं लिहिलंस." आणि दुसऱ्या दिवशी कलेजी आणली. ग्यार्लोफला तिनं विनवलं, त्यानं कबूल केलं आणि दाउवेला कोंबडीचं मांस बांधून दिलं. ते पुडकं उघडून, हुंगून परत दुकानात आले. गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "पस्तीस वर्षं मी दोनशे माणसांना जेवू घातलंय. कलेजी आणि कोंबडी मला कळत नाही असं वाटतं तुला?" मग ते सुपरमार्केटला जाऊ लागले. तिथे कोणाकोणाला सांगणार?

एकदा तिनं समोर बसवून, हात हातात घेऊन सगळं सांगितलं. मणके, एक्स-रे, सगळं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे मीच केलं हे तिचं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा."

"मग आता माहीत झालं. आता नाही देणार. माझी आईशपथ."

शपथ खरी होती. संध्याकाळपर्यंत ती टिकली. हिस्केला तेव्हा उमगलं की पुन्हा सांगितलं तर ते पुन्हा तितकेच रडतील, पहिल्यांदा ऐकल्यासारखे, आणि हाती काहीच लागणार नाही. पुन्हा तिनं कधी सांगितलं नाही.

मुसचंही तेच. मोजलेल्या जेवणाला ती तोंड लावेना. दीड वर्षं रोज कलेजी खाल्लेलं मांजर ते. बशी हुंगायची आणि अंगासकट तोंड फिरवायची.

मार्चमध्ये इनेकेबाई म्हणाल्या, "झालेलं हाड आता विरघळणार नाही. पण कलेजी थांबली तर पुढे वाढायचं थांबेल, दुखणं कमी होईल. नाही थांबली तर पुढचे पायही जातील. तू तिला तुझ्याकडे घेऊन जा."

"आणि बाबा?"

इनेकेबाईंनी मुसच्या पाठीवरून हात फिरवला. "मी मांजरांची डॉक्टर आहे, हिस्के."

तिनं मुसला फ्रानेकरला आणलं. पहिले दोन दिवस मुसनं काही खाल्लं नाही. मांजराला तीन-चार दिवस उपाशी ठेवता येत नाही, त्याचं स्वतःचं यकृत निकामी होतं, हे हिस्केला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तिनं कलेजी उकळून तिचं नुसतं चमचाभर पाणी जेवणावर शिंपडलं आणि जमिनीवर शेजारी बसून राहिली. मुसनं तीन घास खाल्ले. हिस्केला वाटलं, जमेल.

चौथ्या दिवशी सकाळी परिचारिकेचा फोन आला. दाउवे घरात नव्हते. ते बोटीच्या धक्क्यावर सापडले, बेटावर जाणाऱ्या प्रवाशांच्या रांगेत, अंगात कोट नाही, पायांत घरातल्या सपाता. हातात कागदाचं पुडकं होतं, त्यातून रक्त गळून बाहीवर आलं होतं. ते एकेका प्रवाशाला विचारत होते, करड्या रंगाची मांजरी बघितली का, तिला अजून जेवण मिळालं नाही.

हिस्के पोचली तेव्हा कोणीतरी त्यांना तिकीटघरात बसवून चहा दिला होता. तिला बघून ते उठले.

"मुस गेली कुठे तरी. मी दार उघडं ठेवलं असणार."

"नाही बाबा. ती माझ्याकडे आहे."

"तुझ्याकडे? का?"

"पाहुणी म्हणून आलीय," ती म्हणाली.

"मग सांगायचं नाही का," ते म्हणाले. "मी सगळीकडे शोधलं."

असं आणखी दोनदा झालं. दुसऱ्या वेळी ते समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या उतारावर पडले आणि ओहोटीच्या चिखलात हात रुतवून बसून राहिले. तिसऱ्या वेळी पोलिसांनी आणलं. परिचारिका म्हणाली, "पुढच्या वेळी ते जिवंत सापडतीलच असं मी सांगू शकत नाही."

हिस्केनं मुसला टोपलीत घातलं आणि हार्लिंगेनला परत नेलं. वडिलांनी दारातच टोपली घेतली, कडी उघडली, आणि मुस आत गेली ती थेट स्वयंपाकघरात. वडील मागोमाग. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. हिस्के बाहेर पायरीवर उभी राहिली. आत गेली नाही, थांबवलंही नाही. तिला सगळं माहीत होतं, किती ग्रॅम, किती दिवस, पुढे काय, आणि त्यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं.

त्या उन्हाळ्यात ती दर भेटीला इनेकेबाईंनी दिलेलं वेदनाशामक औषध मुसच्या दाढेशी पिळायची आणि तिची पाठ विंचरायची. वडील शेजारी बसून बघायचे.

"तुला का विंचरावं लागतं तिला?"

"तिची मान वळत नाही, बाबा."

"अरेरे. अशक्तपणा असेल. थोडी कलेजी देऊन बघू."

"बघू," हिस्के म्हणायची.

रविवारचं मोजमाप तिनं सोडलं नाही. मुसचे डबे ती करत राहिली, वडील ते कांद्यावर परतून खात राहिले, आणि तिनं आणलेलं सूप फ्रीजमध्ये आंबून जाई. एका रविवारी तिनं न राहवून मुसच्या डब्यांत मीठमिरी घातली आणि त्यातली भुकटी गाळली. मग ते डबे नुसतेच वडिलांचे झाले. ते पहिल्याच घासाला थांबले, म्हणाले, "आज जमलंय हं तुला." तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

सप्टेंबरात मुसचा पुढचा डावा पाय लटका पडू लागला. ऑक्टोबरात दाउवेंनी शेगडीवर तवा ठेवला आणि ते झोपले. शेजाऱ्यांनी धूर बघितला. वृद्धनिवासात त्यांचं नाव आधीच नोंदवलेलं होतं; आता ते वाट बघणं संपलं, आठवड्याभरात खोली मिळाली. तिथे जनावरं चालत नव्हती. हिस्केनं विचारून बघितलं, अर्ज करून बघितला, दोन ठिकाणी फोन केले. नाही म्हणजे नाही.

तिला धास्ती होती की ते तिथूनही मुसला शोधत बाहेर पडतील. पण नव्या खोलीत, नव्या खिडकीत त्यांना मुस आठवलीच नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा त्यांनी पलंगाखाली वाकून बघितलं. काय बघताय असं विचारल्यावर म्हणाले, "माहीत नाही." पुढे तेही थांबलं. दुपारी ते जेवणघरात बसतात आणि स्वयंपाक्याला नावं ठेवतात.

मुस आता फ्रानेकरला आहे. या खेपेला तिनं दोनच दिवस हट्ट केला, आणि मग मोजलेलं जेवण निमूट खाऊ लागली. आता वजनही बरोबर आहे, कानही बरे आहेत. इनेकेबाईंनी नवा एक्स-रे काढला तेव्हा हाड पुढे वाढलेलं नव्हतं. जेवढं होतं तेवढंच होतं. हिस्केनं तिची बशी पाटावर उंच ठेवली आहे, म्हणजे मान वाकवावी लागत नाही. मुस उभ्या उभ्या सावकाश खाते. खाऊन झालं की हिस्के हाक मारते, आणि ती पुढचा लटका पाय ओढत, सगळं अंग वळवून तिच्याकडे बघते.