ताडपत्रीखालची सावली

ठकी दिवसभर सावलीत होती. तिच्या आईने हे त्या संध्याकाळी इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं.

ठकी सात महिन्यांची. आईबाप दोघंही गच्च्यांना चंदेरी रंग देण्याचं काम करत. छत गळू नये, खालच्या खोल्या तापू नयेत म्हणून लोक हा रंग देतात, आणि वाळला की तो नव्या पत्र्यासारखा चकाकतो. एरवी ठकी आत्याकडे असायची. पण आत्या तापाने फणफणली, आणि जिची गच्ची अर्धी रंगवून झाली होती ती घरमालकीण एक दिवसही थांबायला तयार नव्हती. मग काय, बाळ गच्चीवर.

आता या दोघांना कुणी निष्काळजी म्हणू नये. उलट त्यांनी डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली, आणि सगळा घात त्या काळजीनेच केला. या धंद्यात एक पक्की समजूत आहे, की चंदेरी रंग चावतो. ज्याच्या त्याच्या हनुवटीखालची कातडी लाल होते, नाकपुड्यांच्या कडा सोलवटतात. रंग चावला, म्हणायचं, साबणाने खसाखसा धुवायचं आणि परत कामाला लागायचं. हात दिवसभर रंगात बुडालेले असतात, त्यांना तो चावत नाही आणि हनुवटीखाली थेंब उडत नाही तिथे बरा चावतो, हे कोडं आजवर एकालाही पडलं नव्हतं. धंद्यातलं शहाणपण असंच चालतं, एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

म्हणून त्यांनी ठकीला ओल्या रंगापासून लांब ठेवलं, पार पलीकडच्या कोपऱ्यात, जिथला रंग खडखडीत वाळला होता. बापाने तर आदल्या दिवशीच, बहिणीच्या अंगात कणकण आहे कळल्यावर, त्या कोपऱ्याला आणखी एक जाड हात मारून ठेवला होता. जितकं चकाकेल तितकी जमीन गार राहील, हा त्याचा हिशोब. ‘ठकूबाईंचा दिवाणखाना,’ असं तो म्हणाला होता. कठडा आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये उंचावर ताडपत्री बांधली, वारा खेळावा म्हणून चारी बाजू मोकळ्या ठेवल्या, खाली चादर घातली, आणि उकडतंय म्हणून पोरीच्या अंगावर फक्त लंगोट ठेवला. सावली सरकली की आई धावत येऊन चादर सरकवायची. पाजायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायची. ठकी कधी उताणी पाय उडवत, कधी पालथी पडून त्या चकाकीकडे बघत खुदुखुदु हसत होती.

घरी आल्यावर दिव्याखाली कपडे बदलताना आईच्या तोंडचं पाणी पळालं. हनुवटीखाली, गळ्याच्या वळीत, पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, अगदी तळपायांनासुद्धा, पोर लालभडक झाली होती. बापानेही बघितलं. कुठूनतरी रंग लागलाच, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग आईने या धंद्यातली कुणीही बाई करेल तेच केलं. साबण घेतला, फडकं घेतलं आणि तो न दिसणारा रंग घासून काढायला लागली. ठकीने टाहो फोडला. आई थांबली नाही, कारण चावरा रंग अंगावर राहिला तर आणखी खोल जाईल, असं तिला वाटत होतं.

थोड्या वेळाने ठकी रडायची थांबली. ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मान टाकून पडली, छातीशी धरलं तरी तोंड उघडेना, आणि पोटावर पाण्याने भरलेले फोड उठायला लागले. शेजारच्या खोलीतून आत्या घोंगडी गुंडाळून आली. कुणी लोणी चोळा म्हटलं, कुणी बर्फ लावा म्हटलं. आईने कुणाचंच ऐकलं नाही. तिने लेकीला ओल्या पंच्यात घेतलं आणि अनवाणीच दवाखान्याची वाट धरली, मागोमाग बाप.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, बाळ किती वेळ उन्हात होतं? सावलीत होतं, आई म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. बाई चिडल्या. उन्हाने भाजलेलं अंग आपल्याला ओळखता येतं, आता लपवलं तर पोरीचंच नुकसान आहे, असं त्यांनी बजावलं. परिचारिका दुसरीकडे बघायला लागली. आपली लेक हातची चाललीय आणि इथे आपण खोटारडे ठरतोय, या विचाराने आईला आतून फाटल्यासारखं झालं. तिने रडत रडत सगळं सांगितलं. ताडपत्री, चादर, चंदेरी कोपरा.

चंदेरी म्हटल्यावर बाईंचा हात थबकला. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बोटाने आईचीच हनुवटी वर केली.

“हे काय झालंय?”

“रंग चावलाय.”

“रंग नाही, ऊन आहे ते. खालून आलेलं.” त्यांचा आवाज उतरला होता. “चंदेरी जमिनीवरून ऊन उलटतं, बाई. ताडपत्रीने वरचं अडवलं. खालून आणि चारी बाजूंनी येणारं कोण अडवणार? आणि ते लगेच दिसतही नाही. लाली काही तासांनी चढते.”

मग त्या भराभर कामाला लागल्या. गार पाण्याची फडकी ठेवली, बर्फ मात्र नाही. फोड एकही फोडायचा नाही, अंगाला काहीही चोपडायचं नाही. सलाईन लावलं. इतक्या लहान जिवाचं असं भाजणं म्हणजे अंगातलं पाणी आटणं, तेव्हा आता पोरीला लघवी कधी होते यावर सगळं आहे, असं सांगून त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

आई लंगोट चाचपत बसली. कोरडा. पुन्हा चाचपला. कोरडाच.

खाली नाव नोंदवायला गेलेला बाप वर आला. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून, स्वतःलाच धीर द्यावा तसं म्हणाला, “बरं तरी त्या कोपऱ्याला जाड हात मारला होता. नाहीतर तापलेल्या जमिनीनेही भाजली असती.”

तिला वाटलं, गप्प बसावं. पण हा उद्या दुसऱ्या कुणाच्या पोराला हीच जागा सुचवेल. तिने डॉक्टरीणबाईंचं बोलणं जसंच्या तसं त्याला सांगितलं.

नखांत चंदेरी रंग बसलेले आपले हात त्याने एकदा पाहिले आणि काखेत दडवले.

“म्हणजे मीच—”

“अहो, रंगाचा डबा मी ढवळून दिला होता,” ती म्हणाली. “दोघांनी केलंय.”

“सावलीत होती गं ती.”

“हो.”

बाहेरची वर्दळ कमी झाली. सलाईनची बाटली बदलली. पोरीचा श्वास चालू होता, एवढंच. आईने पुन्हा हात घातला, आणि या वेळी तो तिथेच राहिला. तिला स्वतःचा भरवसा वाटेना. घामाने ओले झालेले आपलेच तळवे असतील, असं वाटलं. तिने नवऱ्याचा हात काखेतून ओढून काढला आणि लंगोटाखाली धरला.

“ओलं आहे,” तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “ओलं आहे गं.”

इतका वेळ पोरीला हात लावायला धजत नव्हता, आता त्याला हात काढून घेता येईना. खाली वाकून, पाठ गदगदत, तो तसाच राहिला. परिचारिकेला बोलवायला आईच उठली.