गोग्गोचा निरोप

आत्या नमाजाला बसली आहे, हे दारातून दोनदा पाहून जुम्माईने तिची पिशवी उघडली. कपड्यांचे दोन जोड, केळीच्या पानात बांधलेले, दह्यात कालवून खायचे बाजरीच्या फुऱ्याचे गोळे, गुडघ्यांना चोळायचे तेल. तिने तेलाची बाटली हुंगली, कपड्यांच्या शिवणी चाचपल्या. ताईत नव्हता, भारलेली पूड नव्हती. काहीच सापडले नाही, म्हणून ती जास्तच बिथरली.

ही आत्या, गोग्गो दिजे, काट्सिनाहून काल आली होती. जुम्माईचे वडील मालम इलियासू तिथे मुलांना कुराण शिकवत. ही त्यांची थोरली बहीण. सिनेमासाठी घर सोडून जुम्माई कानोला आली, तेव्हापासून त्या घरातले कुणी तिच्या दारात उभे राहिले नव्हते. आणि आता ही म्हातारी ‘डोळे दाखवायला आले’ म्हणत उगवली होती. काट्सिनात डोळ्यांचे डॉक्टर नव्हते का?

गेल्याच आठवड्यात जुम्माई रेडिओवर बोलली होती, “मी नाचते ती भर उजेडात. अंधारात नाचणाऱ्यांनी मला शहाणपण शिकवू नये.” त्यावरून शहरभर गहजब झाला होता. ते बोलणे घरी पोचले असणार. तिच्यासाठी एखादा विधुर धान्यव्यापारी नवरा म्हणून हेरून ठेवला असणार. भाऊ गाडी घेऊन कोपऱ्यावर दबा धरून बसलाही असेल. तिने पडदा सारून खाली पाहिले. कुणी नव्हते.

“गोग्गो, डॉक्टरकडे कधी जायचं?” आत्या चटई गुंडाळत होती तेव्हा तिने विचारले.

“जाऊ गं. घाई काय आहे?”

“मगाशी तांदळातला खडा तुला हातभरावरून दिसला. तुझे डोळे मला तरी ठणठणीत वाटतात.”

“आणि तुझी जीभ आहे तशीच आहे,” आत्या हसली. “लहानपणी तुझ्या बापाचे शिष्य तुला बिचकून असायचे.”

जुम्माई हसली नाही. स्टुडिओत जायची वेळ झाली होती. बाहेरून कुलूप घालावे की काय, असा विचार करत ती जिन्यापर्यंत गेली आणि चपला हातात घेऊन परत आली. आतून आत्याचा दबका आवाज येत होता.

“नाही रे, अजून नाही सांगितलं. तोंडच उघडवत नाही. उद्यापर्यंत थांब.”

जुम्माईने दार ढकलले.

“कुणाच्या गळ्यात बांधताय मला? बाबांना सांग, मी येणार नाही! हातपाय बांधून ट्रकात टाकलंत तरी रस्त्यात उडी मारीन!”

आत्याने फोन हळूच मांडीवर ठेवला.

“तुझं नाही गं. लुबाबाचं लग्न आहे. येत्या शुक्रवारी.”

लुबाबा. जुम्माईने घर सोडले तेव्हा या धाकट्या बहिणीचे दुधाचे दात पडत होते.

“मग मला न्यायला आलीस?” या वेळी तिचा आवाज तेवढा चढला नाही.

“नाही.” आत्याने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. “मुलाकडच्यांची अट आहे. तू येऊ नयेस. तुझा भाऊ फोनवर सांगून मोकळा होणार होता. मी म्हटलं, असलं फोनवर सांगतात का? पोरीच्या घरी जावं, तिच्या हातचं खावं, मग सांगावं. पण खाल्लं, आणि जीभच रेटेना.”

‘मी येणार नाही’ हे जुम्माईने आजवर कितीजणांना ठणकावले होते. ‘येऊ नकोस’ असे मात्र आजवर तिला कुणी सांगितले नव्हते. ती हातातल्या चपलांकडे पाहत राहिली.

“बाबा काय म्हणाले?”

“काही नाही. पाणी मागितलं, आणि तसंच ठेवून दिलं.”

 मग आत्या खाकरली.

“आणखी एक आहे. लुबाबानं विचारलंय. तिच्या सासरी कळता कामा नये हं. तुझ्या शेवटच्या सिनेमात डोक्याला तो रुमाल बांधतेस ना, मागे पंख्यासारखा उलगडतो? तिला निकाहाच्या दिवशी तसाच बांधायचाय. थांबवून थांबवून पाहिलं म्हणे पोरीनं, पण हात कसा फिरतो ते कळत नाही.”

जुम्माईने चपला खाली ठेवल्या. कपाटातून कडक खळीचा हिरवा रुमाल काढून ती आत्याच्या मागे गुडघ्यांवर बसली. विरळ पांढऱ्या केसांवर तिने तो ताणून धरला.

“हे टोक डाव्या हाताखाली. आता पीळ. इथे सैल सोडलंस तर पंखा उभा राहत नाही.”

आत्या समोरच्या आरशात डोळे बारीक करून पाहत होती.

“थांब, भरभर करतेस. सोड बघू. पहिल्यापासून दाखव.”

जुम्माईने गाठ सोडली.