आधी हात दुधात

आमच्या वहिनीला पोलिसातच घ्यायला हवं होतं. काचघरातल्या टोमॅटोच्या रोपांवर चट्टे दिसले आणि बाईसाहेबांनी तपास न करताच आरोपी ठरवला. माझा दादा, म्हणजे तिचाच नवरा!

"पुन्हा ओढायला लागलात ना? हुंगू द्या बोटं!"

आता चट्ट्यांचा आणि बोटांचा काय संबंध, ते सांगते. तंबाखूच्या पानात एक विषाणू असतो. पानाची सिगारेट झाली तरी मेला मरत नाही. ओढणाऱ्याच्या बोटांवर बसतो आणि त्याच बोटांनी कोवळे फुटवे खुडले की रोपात शिरतो. पान कुठे फिकं, कुठे गडद होतं, आकसतं. औषध काही नाही. रोप उपटायचं आणि जाळायचं. म्हणून आमचा नियम असा की आधी साबण लावायचा, मग दुधाच्या वाडग्यात हात बुडवायचे आणि मगच रोपाला शिवायचं. दुधाने तो विषाणू लुळा पडतो. पण घाईत कोण किती बुडवतं, देव जाणे.

दादाचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून सिगारेट बंद होती.

"अगं, शपथ घेतो, एकही ओढली नाही."

"आजपासून तुम्ही काचघरात यायचं नाही," म्हणत वहिनीने किल्ली कमरेला खोचली. दादाचं तोंड एवढंसं झालं. त्याला रोपांपासून तोडणं म्हणजे जिवंतपणी फोटो करून भिंतीवर टांगणं.

माझं डोकंच फिरलं. "थांब वहिनी! नवी रोपं लावू. एक ओळ दादाची, एक तुझी, एक माझी. आपापलीच खुडायची. साबण बंद, दूध बंद. ज्याची ओळ चट्टेरी, तो बाहेर."

"दूध राहू दे की," वहिनी पुटपुटली.

"का गं? घाबरलीस?"

शेवटी कबूल झाली.

पंधरवडा गेला. दादाची ओळ हिरवीगार, माझीही ठणठणीत. वहिनीच्या ओळीत मात्र चट्टेच चट्टे!

"चोराच्या उलट्या बोंबा!" मी खो खो हसत सुटले. दादा हसला नाही. वहिनी रिकाम्या क्रेटवर मटकन बसली.

"तुम्हाला ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा बाहेर एकाकडून मागून घेतली. वाटलं, तुम्ही परत आलाच नाहीत तर निदान तुमचा वास तरी... मग सुटलीच नाही हो."

लाजच वाटली मला.

दादा उठला, वाडगं भरून आणलं आणि तिचे दोन्ही हात त्यात धरून ठेवले. "ओळ मी उपटतो, जाळून टाकतो. पाकीट कुठंय? तेही जाळतो."

"एकेक करून ना?" वहिनी रडता रडता म्हणाली.

दोघांचाही भरवसा नव्हता. मी पुढे होऊन तिच्या ॲप्रनच्या खिशातलं पाकीट काढलं, चुरगाळलं, कचऱ्याच्या डब्यात फेकलं आणि ऐटीत माझ्या रोपांकडे वळले.

"ए बये!" दोघं एका सुरात ओरडली. "आधी हात दुधात!"